पेटीवालीचा डावा हात

पेटी शिकलेलं माणूस कीबोर्डसमोर बसवलं ना की दोन मिनिटांत ओळखू येतं. उजवा हात मस्त पळत असतो, मुरक्या बिरक्या सगळं, आणि डावा हात मांडीवर, नाहीतर कीबोर्डच्या पाठीमागं काहीतरी चाचपत असतो. भाता शोधत असतो तो. माझंही कितीतरी दिवस असंच चाललेलं. हे लिहायला घेतलं कारण नेटवर कॉर्ड शिकवणारे जे व्हिडिओ आहेत ते एकतर ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी असतात, नाहीतर ज्याला पाश्चात्य नोटेशन घडाघडा वाचता येतं त्याच्यासाठी. आपल्या सांगली-मिरजेकडं ढिगानं माणसं आहेत ज्यांनी गांधर्व महाविद्यालयाच्या संगीताच्या दोनचार परीक्षा दिल्यात, सरगम झोपेतही येते, पण सी मेजर म्हटलं की तोंड बघत बसतात. त्यांच्यासाठी कोण काय सांगतच नाही.

माझं थोडक्यात सांगते. शाळेत असताना पेटी शिकले, मध्यमापर्यंत परीक्षा झाल्या, मग दहावी कॉलेज नोकरी लग्न, सुटलंच सगळं. सांगलीच्या गावभागात राहायला आल्यावर इथल्या भजनी मंडळात पेटीला कोणी नव्हतं म्हणून परत सुरू केलं. २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं त्यात पेटी गेली, लाकूड फुगलं, भात्याचे सांधे सुटले. पुढं भावाच्या मुलाला गिटारचं वेड लागलं आणि त्याचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड माझ्याकडं आला. देताना म्हणाला, "आत्या, कॉर्ड्स शिक, नाहीतर एवढ्या मोठ्या कीबोर्डवर नुसती पेटीच वाजवत बसशील." खोचक आहे कार्टं, पण बरोबर बोललं.

तर कॉर्ड म्हणजे काय, तीन स्वर एकदम. सा ग प एकदम दाबा, झाली मेजर कॉर्ड. त्यातला ग कोमल करा, म्हणजे एक पट्टी खाली घ्या, झाली मायनर. हे सांगायला व्हिडिओवाले वीस मिनिटं घेतात आणि मध्ये दोनदा सबस्क्राइब करा म्हणतात. मोजूनच बघायचं असेल तर सा सोडून पुढच्या काळ्यापांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत जा, चौथी येते ती शुद्ध ग, तिथून पुढं तिसरी येते ती प. चार आणि तीन. मायनरला उलटं, तीन आणि चार. सा कुठलाही धरा, हिशोब हाच.

आता इथं लोक काय करतात तर बारा मेजर बारा मायनर असा तक्ता छापून भिंतीला चिकटवतात आणि पाढ्यासारखं पाठ करतात. मला ते पटत नाही. त्यापेक्षा आकार बघा. सप्तकातली पहिली पांढरी पट्टी (सी) म्हणजे पांढरी एक, पहिली काळी म्हणजे काळी एक, तसंच पुढं मोजायचं. पांढरी एक, पांढरी चार आणि पांढरी पाच, या तिन्हींना सा धरलं तर मेजर कॉर्ड नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर बसते. पांढरी दोन, तीन आणि सहा, या तिन्हींना फक्त मधली पट्टी काळी येते. काळी एक, दोन आणि चार, इथं बरोबर उलटं, दोन्ही टोकं काळी आणि मधली पांढरी. झाल्या की नऊ. राहिल्या तीन, त्या जरा वेगळ्या आहेत: काळी तीनला तिन्ही पट्ट्या काळ्याच, काळी पाचला पहिली काळी आणि बाकी दोन पांढऱ्या, पांढरी सातला पहिली पांढरी आणि बाकी दोन काळ्या. संपल्या बारा. हाताला एकदा हा आकार कळला की डोळे मिटून सापडतात.

हे आपल्याला जास्त लागतं, का ते सांगते. पुस्तकं सगळी पांढरी एकपासून सुरू होतात आणि बरेच दिवस तिथंच रमतात, पण आमच्या मंडळातल्या बायका गाणार काळी चार नाहीतर काळी पाचमध्ये, म्हणजे त्या पट्टीला सा धरून. त्यांना काय सांगणार, काकू जरा पांढरी एकमध्ये गा, माझा धडा अजून पुढं सरकला नाही म्हणून? कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण असतं, दाबलं की पांढरी एकवर वाजवलेलं काळी चारमध्ये ऐकू येतं, सुरुवातीला मी ते खुशाल वापरलं आणि तुम्हीही वापरा, त्यात लाज कसली. फक्त खऱ्या पियानोला असलं बटण नसतं एवढं लक्षात ठेवा.

खरं दुखणं डाव्या हाताचं. पेटीत या हाताला काम एकच, वारा घालायचं. म्हणजे लग्नात म्हाताऱ्या पाहुण्यांशेजारी पंखा देऊन उभं केलेलं पोर असतं ना, तसं त्याचं आयुष्य गेलेलं, आणि आता एकदम त्याला माइक हातात देऊन बोल म्हणायचं. हाताला लय असते, दाब कमीजास्त करणं कळतं, पण पाच बोटं वेगवेगळी आहेत हेच त्याला माहीत नसतं. संगीत नाटकातल्या ऑर्गनला हवा पायानं भरायची सोय असायची, त्यामुळं ऑर्गनवाल्याचे दोन्ही हात मोकळे. आपण हातपेटीवाले, आपल्याला ती चैन नव्हती.

डाव्या हाताची बोटं अशी: करंगळी सा वर, मधलं बोट ग वर, अंगठा प वर. ठेवायला काहीच अवघड नाही. पण दाबलं की कळतंय, करंगळी उशिरा पडते आणि अंगठा धपकन पडतो. सा ऐकूच येत नाही आणि प ओरडतो. याचं कारण पण पेटीतच आहे. पेटीची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात दाबा, आवाज ठरतो तो हवेवर. पियानोत पट्टी किती वेगानं खाली जाते त्यावर आवाज ठरतो, म्हणजे तिन्ही बोटं एका वेळी तर पडलीच पाहिजेत, वर एकसारख्या वेगानं पडली पाहिजेत. (कीबोर्ड घेणार असाल तर टच सेन्सिटिव्ह आहे का विचारा. नसेल तर हे सगळं कळणारच नाही आणि पुढं खऱ्या पियानोवर बसलात की फजिती.)

मला उपयोग कशाचा झाला तर दोन-दोन बोटांच्या जोड्यांचा. आधी नुसती करंगळी आणि मधलं, मग मधलं आणि अंगठा, मग करंगळी आणि अंगठा, ही तिसरी जोडी सगळ्यात हट्टी. प्रत्येक जोडी एकसारखी वाजेपर्यंत तिन्ही एकत्र आणायचीच नाहीत. मग हवेतच हाताचा आकार करायचा आणि तो तसाच खाली सोडायचा, पट्टीवर जाऊन बोटं शोधायची नाहीत. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी ओट्यावर हे करत बसायचे, सासूबाई पहिले दोन दिवस काळजीनं बघत होत्या मग त्यांनी सोडून दिलं. मनगट ताठ होऊ द्यायचं नाही, कोपरापासून हात सैल. हात भरून आला की थांबायचं. दुखतंय म्हणजे रियाज होतोय असं आपल्याकडं उगाच मानतात, त्यात काही अर्थ नाही.

आणि डाव्या हातानं फार खाली जाऊ नका. खर्जाच्या बाजूला सा ग प जवळजवळ दाबलं की नुसता घोळ ऐकू येतो, सूर कुठला तेच कळत नाही. तिथं फक्त सा आणि प, किंवा सा प आणि वरचा सा. ग मधल्या सप्तकाच्या जवळ आला की घ्या.

यापुढची गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. कॉर्ड बदलायची म्हणजे हात उचलून दुसरीकडं उडी मारायची असं वाटतं ना, सा ची कॉर्ड इथं, म ची तिकडं पाच पट्ट्या पुढं, प ची त्याच्या पुढं. तसं नाहीच करायचं. सा ग प धरा. आता करंगळी सा वर तशीच ठेवून ग प च्या जागी म ध घ्या, म वर तर्जनी आणि ध वर अंगठा. सा म ध. ही म ची कॉर्ड, कारण म ध सा हेच तीन स्वर आहेत, फक्त सा खाली आलाय. परत सा ग प. आता अंगठा प वर राहू द्या आणि बाकीची दोन बोटं एकेक स्वर खाली, मंद्र (खालच्या सप्तकातला) नि आणि रे. नि रे प, ही झाली प ची कॉर्ड. परत सा ग प. आता नुसता अंगठा प वरून ध वर सरकवा, सा ग ध, ही ध ची मायनर. चार कॉर्ड्स झाल्या आणि हात जागचा हलला नाही. याला इन्व्हर्जन म्हणतात, आणि ज्यानं पलटे घोटलेत त्याला यात नवीन काहीच नाही, तेच स्वर वेगळ्या क्रमानं. बिलावलच्या सात शुद्ध स्वरांवर सात कॉर्ड्स होतात, सा म प च्या मेजर, रे ग ध च्या मायनर, आणि नि ची एक चमत्कारिक निघते जिला डिमिनिश्ड म्हणतात, तिला सध्या हात लावू नका.

तालात घालणं हा आपला हुकमी एक्का. पाश्चात्य पद्धतीनं शिकणारे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर करतात, आपण तबल्याचं ॲप लावायचं. सहा मात्रांचा दादरा घ्या, धा धी ना धा ती ना, लय मिनिटाला साठ मात्रांच्या आसपास. धा वर एकट्या करंगळीनं सा, धी ना वर ग आणि प एकत्र दोनदा. पुढच्या धा वर सा च्या ऐवजी मंद्र प घ्या, ती ना वर परत ग प. लगेच गाण्याची साथ वाटायला लागते. केरव्याला सा, प, ग, प असं एकेक स्वर मोडून वाजवा, आठ मात्रांत दोनदा बसतं. अठराव्या शतकात इटलीत अल्बर्टी म्हणून एक संगीतकार होता, त्याच्या नावानंच ही चाल ओळखतात, आपल्याला नुसतं केरव्यात बसतंय एवढं पुरे. कॉर्ड बदलायची ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, आणि बोटांनी तयारी करायची ती आधीच्या मात्रेला. समेवर पोचल्यावर विचार सुरू केला की गेलं.

रियाज किती करता असं एकीनं विचारलं. थोडाच करते, पण रोज करते, आणि एका वेळी दोनच कॉर्ड्सची ये-जा. सा वरून म, म वरून सा. दहा कॉर्ड्सची माळ करून चुकत-माकत वाजवण्यापेक्षा हे बरं.

आता माझ्या आवडीचा भाग. कॉर्ड कुठं घालायची आणि कुठं नाही. पोरं सरसकट सगळ्याला सा म प च्या तीन कॉर्ड्स ठोकून देतात, आणि मग आपल्यासारख्याला ऐकताना काहीतरी खटकतं पण काय ते सांगता येत नाही. रागात जे स्वर आहेत त्यातूनच कॉर्ड काढायची असं ठरवून मी वही घेऊन बसले, आणि खरं सांगते पेटीच्या सगळ्या परीक्षांत जेवढी मजा आली नसेल तेवढी त्या वहीत आली.

भूप घ्या. सा रे ग प ध. यातून किती कॉर्ड्स निघतात? फक्त दोन. सा ग प आणि ध सा ग. बाकी काही जुळवायला जा, म नाहीतर नि लागतोच, आणि भूपात ते वर्ज्य. म्हणजे भूपातल्या भजनाला दोनच कॉर्ड्स पुरतात, आणि गंमत म्हणजे दोन्हीत सा आणि ग आहेत, नुसता अंगठा प वरून ध वर. वर सांगितलं तेच. नवशिक्यानं भूपापासून सुरू करावं असं माझं मत झालंय, गायनात नाही तरी भूपापासूनच करतात.

दुर्गा घ्या, सा रे म प ध. यात ग नाही, म्हणजे सा ची मेजर नाही, मायनर नाही, काहीच नाही. निघतात त्या म ध सा आणि रे म ध. सा वर यायचं तर सा आणि प एवढंच धरायचं, मध्ये रिकामं. तो रिकामेपणाच दुर्गाला शोभतो. मालकंसात तर प च नाही, सा कोमल ग म कोमल ध कोमल नि, त्यातून कोमल ध ची मेजर आणि म ची मायनर, बस्स. मालकंसाला तानपुरा प ऐवजी म ला लावतात ना, डाव्या हातानं पण तेच करावं लागतं, आधाराला सा आणि म. यमनात म तीव्र, म्हणजे एक पट्टी वर, त्यामुळं म ची नेहमीची कॉर्ड बाद आणि तिच्या जागी रे ची मेजर येते, रे, तीव्र म, ध. ती वाजवून बघा एकदा, अंगावर काटा येतो.

मिंड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), आंदोलन (स्वर झुलवणं) कीबोर्डच्या पट्ट्यांवर होत नाही हे मला माहीत आहे, मंडळातल्या एक ज्येष्ठ काकू दर वेळी ऐकवतातच. बडा ख्याल गाणाऱ्यामागं कॉर्ड वाजवा असं मी म्हणतच नाहीये. भजन, भावगीत, नामाचा गजर, इथं शोभतं.

त्याच काकूंचा दुसरा आक्षेप, कॉर्ड आपली नव्हेच. यावर मला मिरजेच्या तानपुऱ्याचं सांगायचंय. मिरजेत दीडशे वर्षांच्या वर तंतुवाद्यं बनतायत, हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी या कामाकडं वळली आणि आज तिथला तानपुरा देशभर जातो. चांगली जवारी काढलेला, म्हणजे तार घोडीवर टेकते तिथं घासून झंकार आणलेला तानपुरा लावा आणि खर्जाची एकच तार छेडून कान देऊन ऐका. सा ऐकू येतो, त्यात मागून प ऐकू येतो, आणि तार शांत होता होता वर ग ऐकू येतो. स्वयंभू गंधार म्हणतात तो. तार तिप्पट वेगानं पण थरथरत असते त्याचा प, पाचपट वेगानं थरथरते त्याचा ग. म्हणजे सा ग प एका तारेतच आहे की ओ. ती कॉर्ड कोणी विलायतेहून आणलेली नाही.

फक्त तानपुऱ्यातला ग आणि कीबोर्डवरचा ग एक नव्हेत. अर्ध्या स्वराच्या अंतराचे १०० भाग केले तर कीबोर्डचा ग साधारण १४ भागांनी चढा असतो. बारा पट्ट्या सारख्या अंतरावर बसवायच्या म्हटलं की हे होणारच, पेटीत पण हेच आहे. प ला फक्त २ भागांचा फरक, तो कानाला लागत नाही. म्हणून तानपुरा लावून त्यावर मोठ्यानं मेजर कॉर्ड दाबली की ग जरा टोचतो, आणि म्हणून तानपुरा चालू असेल तेव्हा मी ग हलक्या बोटानं घेते, कधी कधी सोडूनच देते.

या भांडणात आपली सांगली फार जुनी आहे बरं का. कृष्णाजी बल्लाळ देवल इथले. त्यांनी १९१० साली २२ श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांवर, इंग्रजीत पुस्तक काढलं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांचं गाणं ऐकून मोजमापं केली आणि क्लेमंट्स नावाच्या एका इंग्रज सरकारी (आयसीएस) अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी करून घ्यायचा खटाटोप केला. पुढं १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदीच घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. एवढं सगळं होऊन आज प्रत्येक भजनी मंडळात सप्तकाला बारा पट्ट्यांचीच पेटी आहे. तेव्हा कॉर्डला नाकं मुरडणाऱ्यांनी आधी पेटी बाजूला ठेवावी, मग बोलू.

ऑटो साथीबद्दल पण बोलायला पाहिजे. कीबोर्डला एक सोय असते, डावीकडं एक बोट दाबलं की कॉर्ड, ड्रम, बेस सगळं आपोआप सुरू. मंडळात सगळ्यांना ते फार आवडलं, ऑर्केस्ट्रा आल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. मला नाही आवडत. एकतर डावा हात परत बिनकामाचा होतो, त्याला एवढ्या मुश्किलीनं जागं केलेलं, आणि दुसरं म्हणजे भजनाची लय गाणारी ठरवते, मध्येच ती एक ओळ घोळवत बसते, यंत्र थांबत नाही. गणपतीत एक दिवस सगळ्यांच्या आग्रहास्तव लावलं होतं, पुढं पखवाजवाल्या काकांनीच बंद करा म्हणून हात केला.

पेडलचं एक सांगून टाकते. पेटीचा सूर हवा आहे तोवर टिकतो, पियानोचा सूर दाबल्याक्षणापासून विरायला लागतो, म्हणून तो लांबवायला पायाखाली पेडल. पण कॉर्ड बदलताना पेडल आधी नाही सोडायचं, नवी कॉर्ड वाजली की त्याच क्षणी सोडून लगेच परत दाबायचं. आधी सोडलं तर मध्ये खड्डा पडतो आणि सोडलंच नाही तर दोन कॉर्ड्सची खिचडी.

सध्या माझं भैरवीवर चाललंय, कारण भजनाचा शेवट भैरवीनंच होणार. भैरवीत रे कोमल, त्यामुळं प ची नेहमीची कॉर्ड बसत नाही, प कोमल नि कोमल रे अशी ती डिमिनिश्ड होऊन बसते. म्हणजे प वरून सा वर येऊन शेवट करायची जी सगळ्यांना सवय असते ती इथं बंद. त्याऐवजी कोमल रे ची मेजर घ्यायची, कोमल रे म कोमल ध, आणि तिच्यावरून सा च्या मायनरवर उतरायचं. काळी चारमध्ये हे बोटांना पण मजेशीर आहे, कोमल रे म्हणजे पांढरी सहा, तिथं पांढरी-काळी-पांढरी, आणि लगेच सा वर काळी-पांढरी-काळी, तिन्ही बोटं एकेक पट्टी नाहीतर दोन पट्ट्या खाली. करंगळी अजून मागं राहते. भाचा दिवाळीत येणार आहे गिटार घेऊन, काळी चार म्हटल्यावर कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) लावावा लागेल म्हणून आत्ताच कुरकुर चालू आहे त्याची.